ऑपरेशननंतर विणकाम परत सुरू करताय? आधी कोपराखाली उशी घ्या

ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, काखेतले लिम्फ नोड्स (शरीरातला द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) पण काढलेत आणि घरी बसून बसून हात नुसते शिवशिवतायत ना, मग डॉक्टरांनी ओके दिलं की विणकाम, क्रोशे जे आवडतं ते खुशाल सुरू करा, फक्त त्या बाजूच्या कोपराखाली मऊ उशी ठेवा म्हणजे खांदा वर ओढला जात नाही आणि ऑपरेशनच्या टाक्यांवर ताण कमी येतो. मोबाईलवर 15 मिनिटांचा टायमर लावा. तो वाजला की ओळ अर्धी असली तरी सुई खाली, मूठ हळूहळू उघड-मीट करा, हात थोडा वेळ उशीवर उंच ठेवा. अर्धी ओळ सोडणं किती जिवावर येतं मला माहितीये, मी पण "एवढी ओळ संपवते" म्हणत तासभर बसले होते, रात्री हात एवढा जड झाला की बोटातली अंगठी फिरेना! अंगठी, बांगडी घट्ट वाटायला लागणं ही सुजेची खूण असू शकते, कारण नोड्स काढल्यावर हातातला द्रव पहिल्यासारखा वाहून जात नाही. असं झालं तर डॉक्टरांना नक्की दाखवा.

कुंड्यांचं काम करणार असाल तर जाड हातमोजे हवेतच, साध्या ओरखड्यातून पण इन्फेक्शन होऊ शकतं. हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर उद्यावर ढकलू नका, लगेच फोन करा. आणि जड कुंडी उचलायला प्लीज घरातल्या कुणाला तरी हाक मारा.