आवाजातली हवा: कुठून येते आणि कशी आवरायची

सा लावला की सुराबरोबर हवेची सळसळ ऐकू येते, ओळ संपायच्या आत दम संपतो आणि अर्ध्या तासात घसा कोरडा पडतो. अशा वेळी ‘श्वास अजून भरून घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो, आणि बहुतेकदा तो चुकीचा असतो. श्वास पुरेसा असतो. गळ्यातले स्वरतंतू नीट मिटत नाहीत म्हणून तो वाया जातो. छाती भरून हवा घेतली आणि जोर लावला, तर गळती वाढतेच.

गाताना दोन्ही स्वरतंतू प्रत्येक कंपात एकमेकांना टेकायला हवेत. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) पुरुषी षड्जाला हे सेकंदाला सुमारे १३९ वेळा घडतं. फट राहिली की तिच्यातून निसटणारी हवा सळसळते. पेटीचा भाता फाटला असेल, तर कितीही हलवला तरी सूर भरत नाही, तसंच हे.

मुंबईत याचं एक कारण घरातच सापडतं. चाळीत किंवा वन बीएचकेत शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून रियाज दबक्या आवाजात होतो. हळू गाण्यात काहीच वाईट नाही. पण हळू गाताना बरेच जण तंतूंची पकडच सोडून देतात आणि मग तीच सवय अंगवळणी पडते.

आधी तपासून घ्या. आरामात श्वास घेऊन ‘स्स्स’ किती सेकंद टिकतो ते मोजा. मग ‘झूम’मधला झ तसाच ताणा, गळ्यावर बोट ठेवलं तर कंप लागला पाहिजे. दोन्ही तीन-तीनदा करून सगळ्यात मोठा आकडा धरा. दोन्ही जवळपास सारखे आले तर ठीक. ‘स’ २० सेकंद आणि ‘झ’ १३ असं निघालं, तर गळती तंतूंपाशी असण्याची शक्यता जास्त. दोन्ही तोकडे असतील, तर मात्र श्वासावर काम करा.

सगळ्यात उपयोगी अभ्यास अगदी साधा आहे. मध्य सप्तकातला ग किंवा म घ्या, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा अॅप) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा. मुद्दाम हवा सोडत ‘हा’ने सुरुवात करा आणि चार मात्रांत हळूहळू हवा कमी करत स्वच्छ ‘आ’वर या. चार मात्रा तो तसाच धरा, मग चार मात्रांत पुन्हा हवा मिसळा. स्वरही हलू नये, आवाजाचा जोरही वाढू नये. हवा कमी होताना आवाज आपोआप थोडा भरतो, तो भरू द्या, ढकलू नका. या अभ्यासाने कानाला फरक कळतो, आणि कान तयार झाल्याशिवाय गळा सुधारत नाही. आकाराची, म्हणजे ‘आ’वर गाण्याची, सुरुवातच सैल पडत असेल, तर सा ते प ‘गा गा गा’ म्हणा, मग त्याच पकडीत ‘गा’मधला ग काढून नुसतं ‘आ आ आ’ म्हणा.

शेजाऱ्यांची अडचण स्ट्रॉ सोडवते. साधारण ६ मिलिमीटरची स्टीलची स्ट्रॉ घ्या (कागदी लगेच मऊ पडते), तिचं टोक ग्लासातल्या पाण्यात २-३ सेंटिमीटर बुडवा आणि तिच्यातून ‘ऊ’ गात सा ते प मींड घ्या, म्हणजे सूर न तोडता सरकत जा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत; उसळ्या मारत असतील तर हवा ढकलली जातेय. मध्येच नाक चिमटीत धरून बघा. आवाज बदलला तर हवा नाकातून जातेय. तीन-चार मिनिटं हे करून लगेच तीच मींड आकारात घ्या.

उलटी चूकही होते. हवा घालवण्याच्या नादात आवाज दाबला जातो: जबडा ताठतो, मानेच्या शिरा दिसतात, सूर लावताना गळ्यात ‘टक’ होतं, खोकला येतो. असं झालं की थांबा आणि थोडी हवा परत येऊ द्या.

अंगाईत, भावगीतात हवा हवीच असते. पण ती शेवटच्या एक-दोन अक्षरांवर ठेवा, अख्ख्या मुखड्यावर पसरू नका; शब्द पुसट होतात. माइक तोंडापासून ५-८ सेंटिमीटरवर, किंचित बाजूला ठेवा. आणि श्वासाची जागा एक शब्द अलीकडे घ्या, कारण हवा लवकर संपणार आहे.

गणपतीत ढोल-ताशावर आरत्या म्हणून बसलेला आवाज हा तंतूंच्या सुजेचा प्रकार आहे. तिथे वरचे अभ्यास नकोत. पाणी प्या, कमी बोला, कुजबुजूही नका. तीन आठवड्यांत आवाज मोकळा झाला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्ट्रोबोस्कोपी (तंतूंचा कंप दाखवणारी तपासणी) करून घ्या. गाठ असेल तर ती त्यात दिसते. वाचा-उपचारासाठी नायर रुग्णालय आणि वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था या दोन्ही ठिकाणी विचारता येईल. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलामुलींच्या आवाजात मात्र थोडी हवा असतेच. त्यांना सोयीच्या पट्टीत गाऊ द्या, तार सप्तकासाठी रेटू नका.