बीई प्रोजेक्ट: ग्रुप चौघांचा, राबणारे दोघं

आमचा कोड व्हॉट्सअ‍ॅपवर झिप होऊन फिरायचा: ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हाच घ्या’. कुणी काय केलं याचा पत्ता नाही, त्यामुळे ‘माझं झालंय रे’ म्हणणाऱ्याला पकडणार कसं? शेवटी सगळं गिटवर (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकलं. मेन ब्रांचला, म्हणजे कोडच्या मुख्य प्रतीला, थेट पुश (बदल चढवणं) बंद. ज्याने त्याने आपल्या ब्रांचवर काम करायचं, दुसऱ्याने तपासल्यावरच मर्ज, म्हणजे मुख्य प्रतीत मिसळणं. लॉगमध्ये नाव-तारीख दिसते, तिथे निम्मी भांडणं संपली. नुसते कमिट (नोंदवलेले बदल) मात्र मोजू नका. स्पेस बदलून आकडा फुगवणारे महाभाग असतात. खरा फरक पडला तो गाइडना सांगून रिव्ह्यूत प्रत्येकाने आपलं मॉड्यूल स्वतः चालवून दाखवायचं ठरवल्यावर. एकजण तरीही थेट ब्लॅक बुकवर (प्रोजेक्टच्या छापील रिपोर्टवर) सह्या घ्यायच्या दिवशी उगवला. त्यावर गिटकडेही इलाज नव्हता.