डॅशहंडसाठी हार्नेस घेताना आधी काख बघा

भुंगा हा माझा डॅशहंड, लांब पाठीचा आणि आखूड पायांचा कुत्रा. त्याचे पाय पुसताना त्याच्या उजव्या काखेत माझ्या बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. उताणा करून पाहिला, तर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवरचे केस गेलेले, कातडी लालसर आणि कडेला बारीक खपली. हार्नेस म्हणजे फिरवायची दोरी अडकवायला कुत्र्याच्या छाती-खांद्यांवर घालायचे पट्टे. त्यातला छातीभोवतीचा पट्टा रोज नेमका तिथे घासत होता. गेले तीन आठवडे तो हार्नेस बघितला की मागे सरायचा आणि मी समजत होते की त्याला कंटाळा येतोय. त्याला दुखत होतं.

वजनाच्या तक्त्यात बसणारा, मऊ दिसणारा हार्नेस घेऊनही असं का झालं, ते मी त्यानंतर नीट समजून घेतलं. डॅशहंडची छाती खोल असते आणि पुढचं हाड नावेच्या नाळेसारखं बाहेर आलेलं असतं. पाय आखूड, वरचा भाग छातीला चिकटून, त्यामुळे कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये जागा फार थोडी. त्यातच बरगड्यांचा पिंजरा लांब, मागपर्यंत गेलेला. छोट्या कुत्र्यांसाठी शिवलेला हार्नेस घेरात बसला तरी लांबीला कमी पडतो आणि मागचा पट्टा काखेत येतो. मोठ्या कुत्र्याचा घेतला, तर गळ्याशी लोंबतो. वजनावरून माप ठरवणं या जातीला चालतच नाही. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या मानकातही डॅशहंडचे गट छातीच्या घेरावरून पडतात: नरांमध्ये स्टँडर्ड ३७ ते ४७ सेंमी, मिनिएचर ३२ ते ३७, रॅबिट २७ ते ३२. हे मापही कुत्रा किमान १५ महिन्यांचा झाल्यावरच घेतात. म्हणून पिल्लासाठी पहिलाच हार्नेस महागडा घेऊ नका, छाती अजून भरायची असते.

गळपट्ट्याला लीश, म्हणजे फिरवायची दोरी, अडकवून फिरवू नये, यावर मी ठाम आहे. डॅशहंडचे आखूड पाय ज्या प्रकारच्या जनुकीय बदलामुळे होतात, तसाच दुसरा एक बदल या जातीत सर्रास आढळतो आणि त्यामुळे मणक्यांमधल्या चकत्या लहान वयातच कडक व्हायला लागतात. साधारण चारातल्या एका डॅशहंडला आयुष्यात कधीतरी चकतीचा त्रास होतो. मानेतल्या चकत्याही त्यातच आल्या. झटका मानेला बसण्यापेक्षा छातीच्या हाडावर पसरलेला बरा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्याने गळपट्ट्याविरुद्ध ओढल्यावर डोळ्यातला दाब वाढलेला आढळला, हार्नेसमध्ये तसा वाढला नाही. मात्र हार्नेस घातला म्हणून चकती सरकणार नाही, असं नाही. वजन आटोक्यात ठेवणं आणि सोफ्यावरून उड्या मारू न देणं, हे त्याच्या जोडीला हवंच.

आता माप. कुत्रा उभा हवा, बसलेल्या कुत्र्याचं माप खोटं येतं. शिंप्याची कापडी टेप घ्या आणि समोर खाऊ धरायला घरातलं कुणीतरी बसवा. पहिलं माप छातीच्या घेराचं, कोपराच्या मागे दोन-तीन बोटं सोडून, जिथे छाती सगळ्यात खोल आहे तिथे. दुसरं मानेच्या बुडाचं: गळपट्टा बसतो तिथे नव्हे, त्याच्या बरंच खाली, मान खांद्यांना मिळते तिथून छातीच्या पुढच्या हाडाच्या टोकावरून. तिसरं माप बहुतेकजण घेतच नाहीत, मीही घेतलं नव्हतं. छातीच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून दोन्ही पायांच्या मधून खालून मागे, घेर मोजला त्या रेषेपर्यंत. भुंग्याचं घेर ४३, मान ३३ आणि हे तिसरं १८ सेंमी. पहिल्या हार्नेसचा खालचा पट्टा मोजला तर १३ भरला. पाच सेंमीचा फरक, आणि तेवढ्यानेच पट्टा काखेत ओढला गेला होता. तुम्ही विकत घ्याल त्या हार्नेसची पहिली दोन मापं तक्त्यात असतात. तिसरं नसेल तर विक्रेत्याला विचारा, नाहीतर हार्नेस हातात घेऊन स्वतः मोजा.

आकारात मी वाय आकाराचा निवडते. म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणारे पट्टे छातीच्या हाडावर एकत्र येतात आणि तिथून एक पट्टा पायांमधून मागे जातो. छातीवर आडवा पट्टा असलेला हार्नेस घालायला सोपा असतो, पण डॅशहंडच्या पुढे आलेल्या छातीवरून तो पट्टा वर सरकून गळ्याशी येतो, आणि खाली राहिला तर खांद्याच्या सांध्यावरच बसतो. पाय घालून पाठीवर बंद करायचे हार्नेस डोक्यावरून काही घालू न देणाऱ्या कुत्र्यांना बरे वाटतात, पण त्यांचे पट्टे काखेच्या फार जवळून जातात. बंडीसारखे कापडी हार्नेस मऊ असतात, पण उकाड्यात अंग तापतं आणि लांब केसांच्या डॅशहंडला आतल्या बाजूने गुंता होतो.

पण नुसतं वाय आकार आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २०१९ च्या एका छोट्या अभ्यासात, अवघ्या नऊ कुत्र्यांवर, खांदा मोकळा ठेवणारा म्हणवला जाणारा हार्नेसच खांद्याची पुढची हालचाल जास्त कमी करताना दिसला. नऊ कुत्र्यांवरून नियम ठरत नाही, हे खरं. मी त्यातून एवढंच घेतलं की वेष्टनावर काय लिहिलंय यापेक्षा आपला कुत्रा चालतो कसा ते बघायचं.

ते असं बघा. घरात आधी हार्नेसशिवाय कुत्र्याला सरळ रेषेत चालवा आणि फोन त्याच्या उंचीला, जवळजवळ जमिनीला टेकवून, बाजूने व्हिडिओ घ्या. मग हार्नेस घालून पंधरा मिनिटं रुळू द्या आणि तसाच दुसरा व्हिडिओ घ्या. दोन्ही हळू करून बघितलं की पुढचा पाय किती लांब पडतो ते स्पष्ट दिसतं. भुंग्याच्या जुन्या हार्नेसमध्ये तो पाऊल अर्ध्यावर टाकायचा आणि कोपरं किंचित बाहेर फेकायचा. रोज वरून बघताना हे मला कधीच दिसलं नव्हतं.

पट्टे आवळताना प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत, मिनिएचर असेल तर एक. छातीभोवतीचा पट्टा कोपरापासून दोन-तीन बोटं मागे हवा. गळ्याकडची बाजू पुढच्या हाडावर टेकायला हवी, त्याच्या वर मऊ जागी नको. मग निसटण्याची चाचणी घ्या, दार लावून, घरातच. डॅशहंडची मान जाड आणि डोकं निमुळतं असल्यामुळे तो मागे रेटला की हार्नेसमधून सहज बाहेर येतो. समोर उभं राहून लीश हळूच आपल्याकडे घ्या आणि त्याला मागे सरू द्या. कोपर पट्ट्यात शिरायला लागलं, तर घेर सैल आहे.

पट्ट्याची रुंदी स्टँडर्डला दोन ते अडीच सेंमी, मिनिएचरला दीड पुरते. कड कशी आहे ते हाताने चाचपून कळत नाही. मी मनगटाच्या आतल्या बाजूला ती वीस वेळा घासते. आपली कातडी लाल झाली, तर काखेतली होणारच. बक्कल बरगड्यांच्या बाजूला यावं, काखेत किंवा छातीखाली नको. पट्टे कमीजास्त करायच्या जागा निदान चार हव्यात. लीशचा हुक हलका घ्या, जड हुक प्रत्येक पावलाला पाठीवर आपटत राहतो.

छातीवर लीश अडकवायची कडी असलेले हार्नेस ओढणाऱ्या कुत्र्यांसाठी सुचवले जातात. लांब पाठीच्या कुत्र्याला प्रत्येक ओढीला बाजूला पिळणं मला पटत नाही, म्हणून मी पाठीवरचीच कडी वापरते. भुंगा ओढायला लागला की मी थांबते, लीश सैल झाली की पुढे निघते. शिकायला दोन महिने लागले, पण शिकला.

पाठीवर मूठ असेल तर तिला धरून कुत्रा उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि पाठ जमिनीला समांतर, नेहमी असाच उचला. उचलताना तो ओरडला, पाठीला कुबड आणून उभा राहिला किंवा मागचे पंजे उलटे पडून घासायला लागले, तर हार्नेसचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. यात वाट बघायची नसते. आधीच पाठीचं दुखणं असलेल्या कुत्र्याचा हार्नेसही त्यांनाच विचारून घ्या.

नवा हार्नेस आणल्यावर पहिले तीन दिवस प्रत्येक फेरीनंतर दोन्ही काखा, कोपरांच्या मागची जागा आणि छातीचं हाड बोटांनी तपासा. केस उलटे फिरवून बघा, रंगात न दिसणारा चट्टा बोटाला कळतो. घरी आल्यावर हार्नेस काढून ठेवा. भुंग्याच्या काखेत महिन्याभरात केस परत आले आणि आता मी हार्नेस पुढे धरला की तो स्वतः डोकं आत घालतो.

एक गोष्ट राहिली. पट्टे कमीजास्त करायचे स्लायडर वापरात हळूहळू सरकतात आणि मापात बसवलेला हार्नेस नकळत सैल होतो. मी सगळे पट्टे बसवून झाल्यावर प्रत्येक स्लायडरला लागून पट्ट्यावर पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घातलाय. निघताना टाका आणि स्लायडर यांच्यात फट दिसली, की दारातच तो जागेवर आणते आणि मग कडी लावते.