ढगात दिशा गेली किंवा कंट्रोल्ड एअरस्पेसमध्ये (हवाई नियंत्रकांच्या ताब्यातल्या हद्दीत) भरकटलात तर काय करायचं

बारामती, शिरपूर, गोंदियाला सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय, विशेषतः ज्यांची सोलो क्रॉस कंट्री, म्हणजे एकट्याने लांबवरचं उड्डाण, जवळ आलीये.

आधी ढगाचं बघू, कारण जीव तिथे जातो. क्षितिज दिसेनासं झालं की कानावर, म्हणजे कानातून कळणाऱ्या तोलावर, विश्वास ठेवायचा नाही. विमान एका बाजूला तेवढंच कललेलं (बँक) ठेवून पंधरा-वीस सेकंद वळत राहिलात की कानातलं पाणी स्थिर होतं आणि वाटतं आपण सरळ चाललोय, मग विंग लेव्हल केली की उलट्या बाजूला वळतोय असं वाटतं आणि माणूस परत चुकीच्या बाजूला स्टिक दाबतो. म्हणून नजर अ‍ॅटिट्यूड इंडिकेटरवर (विमान किती कललंय ते दाखवणारं मीटर), पण फक्त त्याच्यावरच नको, टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारं), अल्टिमीटर (उंची), एअरस्पीड सगळ्यांशी ताडून बघायचं. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं ७४७ मुंबईहून रात्री उडालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात पडलं, २१३ माणसं गेली. कॅप्टनचं अ‍ॅटिट्यूड इंडिकेटर बिघडलं होतं, बाहेर काळोख, आणि त्याने तेच खरं मानलं. खरी स्थिती दाखवणारी बाकीची मीटरं त्याच कॉकपिटमध्ये होती हो!

ढगात शिरलातच तर आधी विंग लेव्हल, मग हलक्या हाताने स्टँडर्ड रेट टर्न, सेकंदाला तीन डिग्री, म्हणजे बरोब्बर एका मिनिटात आल्या दिशेला परत फिरता. पेन पडला तर पडू दे, वळताना मान खाली घालायची नाही, डोकं हललं की चक्कर जास्त येते.

आता रस्ता चुकलात तर. इथे पोरं लाजतात, इन्स्ट्रक्टर काय म्हणेल म्हणून गप्प बसतात आणि तसंच पुढे जात राहतात, मग कुणाच्या तरी अप्रोचमध्ये (उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत) घुसतात. लगेच एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रण) सांगा की पोझिशनबद्दल खात्री नाही, सोबत हेडिंग (नाक कुठल्या दिशेला आहे), अल्टिट्यूड आणि किती वेळाचं इंधन उरलंय ते द्या. सुरक्षित उंची ठेवा, खाली उतरून गावाच्या पाट्या वाचायला जाऊ नका. फ्रिक्वेन्सीवर कुणी उत्तर देत नसेल तर १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी, आणि खरंच संकटात असाल तर स्क्वॉक ७७००, म्हणजे ट्रान्सपाँडरवर (रडारला तुमची ओळख आणि उंची कळवणारं यंत्र) ७७०० हा संकटाचा कोड लावा. लाज वाटून घ्यायचं काहीच कारण नाही, कंट्रोलरला सर्वात अवघड विमान म्हणजे न बोलणारं.

ट्रान्सपाँडर अल्टिट्यूड मोडवर आहे ना ते टेकऑफआधी बघाच. तुमच्या छोट्या सेस्नात टीकॅस (टक्कर टाळायचा इशारा देणारी यंत्रणा) नसेल, पण समोरच्या एअरबसमध्ये आहे आणि त्याला तुम्ही ट्रान्सपाँडरमुळेच दिसता. १९९६ मध्ये चरखी दादरीला कझाक विमान दिलेल्या लेव्हलच्या खाली आलं आणि सौदियाच्या ७४७ ला धडकलं, ३४९ मृत्यू, त्यानंतर आपल्याकडे टीकॅस सक्तीचं झालं. पुढे एअरलाइनमध्ये गेलात तर एक पक्कं, टीकॅसने आरए (वर जा किंवा खाली जा असा आदेश) दिला की तोच पाळायचा, एटीसी उलटं सांगत असलं तरी. २००२ ला जर्मनीतल्या युबरलिंगेनवर एका विमानाने कंट्रोलरचं ऐकलं, दुसऱ्याने टीकॅसचं, दोघंही खालीच आली आणि ७१ जण गेले.

आणि बाहेर बघत राहा. काचेत एकाच जागी थांबलेलं आणि मोठं होत जाणारं विमान म्हणजे टक्करच, हलताना दिसणाऱ्याची एवढी भीती नाही.

कुणी अगदी जवळून गेलंच तर तिथेच फ्रिक्वेन्सीवर एअरप्रॉक्स (विमानं धोकादायक जवळ आली) म्हणून सांगा, आणि खाली आल्यावर कुणाशी बोलण्याआधी वेळ, उंची, हेडिंग, तो कुठल्या बाजूने आला हे कागदावर उतरवा, कारण चार जणांशी चर्चा झाली की आठवण बदलते आणि रिपोर्टमध्ये भलतंच जातं.