ढोबळी मिरची: हिरवी तोडावी की रंग भरू द्यावा?

थंडी ओसरून ऊन तापू लागले की ढोबळीच्या एकाच झाडावर हिरवी, अर्धी रंगलेली आणि पूर्ण पिकलेली फळे दिसू लागतात. कोणते फळ कधी तोडायचे, हे याच दिवसांत ठरवावे लागते. चवीचे बरेचसे गणित तिथेच सुटते किंवा बिघडते.

हिरवी ढोबळी ही वेगळी जात आहे, असा समज अजूनही आहे. बहुतेक वाणांत हिरवे फळ म्हणजे पूर्ण वाढलेले, पण न पिकलेले फळ. ते झाडावर राहू दिले तर हरितद्रव्य विरते आणि वाणाप्रमाणे लाल, पिवळा किंवा नारिंगी रंग चढतो. लाल रंग मुख्यतः कॅप्सॅन्थिन या रंगद्रव्याचा. पिवळ्या वाणात ते तयार होत नाही, म्हणून ती फळे लाल होतील या आशेने थांबू नका. जांभळ्या वाणांची गोष्ट वेगळी. तो रंग सालीतल्या अँथोसायनिनचा असून कच्च्या फळावरच दिसतो. आतला गर हिरवा आणि चवही हिरव्या ढोबळीसारखीच. अशी बहुतेक फळे पुढे लाल होतात.

हिरव्या फळाचा गवतासारखा उग्र वास पायराझिन गटातल्या द्रव्यामुळे येतो. फळ पिकते तसा तो मंदावतो, ग्लुकोज व फ्रुक्टोज या साखरा वाढतात, क जीवनसत्त्वही वाढते. पिकलेल्या लाल, पिवळ्या, नारिंगी फळांत अधिक गोड कोणते, हे मात्र रंगापेक्षा वाणावर ठरते. फळाला तीन कप्पे असले की तिखट आणि चार असले की गोड, यात काहीच तथ्य नाही. तिखट मिरचीशेजारी लावल्याने त्याच हंगामातली ढोबळी तिखट होत नाही. संकर झाला तर परिणाम बियांत उतरतो, म्हणून घरचे बी धरणाऱ्यांनी दोन्हींत अंतर ठेवावे.

सगळ्यात महत्त्वाचे: ढोबळी केळ्यासारखी तोडल्यावर पिकत नाही. रंग फुटायला लागलेले फळ तोडल्यावर थोडे अधिक रंगते, पण गोडी वाढत नाही. गर्द हिरवे फळ तोडून रंगाची वाट पाहिली तर ते सुरकुतेल. लांबच्या बाजारासाठीसुद्धा निम्म्याहून जास्त रंग भरल्याशिवाय तोडू नये, असे आमचे मत आहे. जवळच विकायचे असेल तर पूर्ण रंगू द्या.

फळधारणेनंतर साधारण 5 ते 7 आठवड्यांत फळ हिरव्या तोडणीला येते. रंग भरायला आणखी 2 ते 4 आठवडे लागतात. तेवढा काळ ते फळ झाडाचे अन्न ओढत राहते, मग नवी फुले गळतात आणि एकूण फळे कमी मिळतात. म्हणून सगळी फळे एकदम रंगायला ठेवू नका. पहिल्या फांदीफुटीवरचे फूल काढून टाका, सुरुवातीची फळे हिरवीच तोडा आणि झाड भक्कम झाल्यावर पुढची फळे राखा.

तापमान 32 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की फुलगळ वाढते; फार थंडीत रंग रेंगाळतो. रंगासाठी राखलेल्या फळावर थेट ऊन पडले तर पांढरट, कागदासारखे चट्टे येतात, म्हणून वरची पाने अजिबात खुडू नका. उन्हाळ्यात 30 ते 35 टक्के सावलीची जाळी उपयोगी पडते. या टप्प्यावर नत्राचा मारा नको, त्याने पाला माजतो आणि पिकणे लांबते. पालाशची कमतरता पडू देऊ नका. पाणी थोडे थोडे पण नियमित द्या. कधी कोरडे, कधी चिंब अशा पाळीने कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही आणि फळाचे टोक काळे पडून कुजते.

तोडणी सकाळी दव वाळल्यावर, कात्रीने, देठ ठेवून करा. ओढून तोडल्यास फांदी फाटते. साठवण 7 ते 10 अंशांवर करा. त्याहून थंड जागी फळावर खोलगट डाग पडतात.