तालमीच्या संघाचा स्टॉपर आणि कर्णधार होताना

कोल्हापुरात पेठेच्या, म्हणजे तालमीच्या, फुटबॉल संघाकडून स्टॉपर (गोलसमोरचा मधला बचावपटू) म्हणून खेळणे आणि त्याच संघाचे कर्णधारपद सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पहिले चांगले जमते म्हणून दुसरे आपोआप जमेल, अशा भ्रमात वरिष्ठ गटात नव्याने आलेल्या मुलांनी राहू नये. शाहू स्टेडियम भरलेले असताना आघाडीपटूने तीन संधी दवडून चौथीवर गोल केला, तर रात्री उशिरापर्यंत पेठेत त्याचेच नाव चालते. स्टॉपरने सामनाभर काही चुकू दिले नाही, तर त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. हे मनाला लागणार असेल, तर आताच जागा बदलून घ्या. ज्यांना लागत नाही, त्यांच्यासाठी पुढचे लिहितो.

कर्णधाराची पट्टी दंडावर आली की बचावपटूला साऱ्या संघाची ठिगळे स्वतःच लावण्याची ओढ लागते, आणि माझ्या मते सर्वांत मोठा धोका हाच आहे. उजव्या बगलेवर आपला विंग बॅक (कडेचा बचावपटू) चकला आणि प्रतिस्पर्धी विंगर (कडेने चढाई करणारा खेळाडू) चेंडू घेऊन कॉर्नरच्या झेंड्याकडे सुटला, असे धरा. ‘मी नाही तर कोण जाणार’ या भावनेने कर्णधार स्टॉपर तिकडे झेपावतो आणि त्याच क्षणी मधली जागा उघडी पडते. आता दुसऱ्या स्टॉपरने सरकायला हवे, डाव्या बॅकने आत यायला हवे आणि बचावात्मक मध्यरक्षकाने मोठ्या डीच्या (पेनल्टी क्षेत्राच्या) तोंडाशी उतरायला हवे. या तिघांपैकी एकाला जरी क्षणभर उशीर झाला, तरी कडेवरून टाकलेला क्रॉस दूरच्या खांबाकडे जातो आणि तिथे त्यांचा आघाडीपटू एकटा उभा असतो. गॅलरीतून दिसतो तो बिचारा डावा बॅक, आणि शिव्याही त्यालाच बसतात. कर्णधार तर जीव तोडून धावलेला असतो, त्यामुळे त्याला कोणी बोलत नाही. उलट ‘पोरगं लढतंय’ म्हणून पाठ थोपटली जाते. म्हणूनच हे लवकर उमगत नाही. मलाही ते प्रशिक्षकांकडून उमगले नाही. आमच्या तालमीचे एक जुने गोलरक्षक सरावाला येऊन बसत, त्यांनी सरळ सांगितले, “लेका, तू पळतोस म्हणून मागं गोल बसाय लागल्यात.” तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की, बचावपटूने गुरू करायचा तर गोलरक्षकाला करावा, कारण साऱ्या मैदानाकडे पाठीमागून पाहणारा संघात तो एकटाच असतो.

मग जायचे केव्हा? विंगर झेंड्याकडे जात असेल, तर त्याला जाऊ द्या. चकलेला विंग बॅक परत येईपर्यंत जवळचा खांब आणि पेनल्टीची खूण यांच्या दरम्यान उभे राहा आणि शरीर असे वळवून ठेवा की चेंडू आणि त्यांचा आघाडीपटू दोन्ही नजरेत राहतील. विंगर गोलच्या दिशेने आत वळला, तरच पुढे व्हा, तेही मोठ्याने “सोडतोय” म्हणून आणि जोडीदाराचा “धरला” हा आवाज कानावर आल्यानंतर. तो आवाज आला नाही, तर पाय हलवू नका. घसरून टॅकल करण्याचा मोह इथेच होतो, आणि त्यात एक खोच आहे: घसरत तुम्ही गोलरेषेच्या बाहेर गेलात, तरी ऑफसाइडच्या, म्हणजे पास होताना आक्रमक शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे आहे का याच्या, हिशेबात तुम्ही गोलरेषेवरच उभे आहात, असे पंच धरतात. खेळ थांबेपर्यंत, किंवा आपल्या संघाने चेंडू मध्यरेषेच्या दिशेने मोठ्या डीबाहेर काढेपर्यंत, तुमच्या एकट्यामुळे त्यांचे सगळे खेळाडू ऑनसाइड राहू शकतात. सहकाऱ्यांनी कितीही शिस्तीने रेषा पुढे नेली, तरी ती वाया जाते.

कर्णधारपदाला नियमांच्या पुस्तकात फार मोठा मान आहे, असेही समजू नका. कर्णधाराला खास दर्जा किंवा सवलत नाही. संघाच्या वर्तनाची काही प्रमाणात जबाबदारी मात्र त्याच्यावर आहे, असे नियम सांगतो. पंचांच्या अंगावर धावून जाणाऱ्या कर्णधाराचे पेठेत कौतुक होते. माझ्या नजरेत तो अर्धा सामना तिथेच घालवतो, कारण पुढच्या निसटत्या निर्णयाच्या वेळी त्याचे कोणी ऐकत नाही.

जर्नेल सिंग यांचा दाखला देऊन ‘स्टॉपरने सगळीकडे खेळले पाहिजे’ असे सांगणारे तुम्हाला भेटतील. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत डोक्याला दुखापत झालेल्या या बचावपटूला आघाडीला खेळवण्यात आले आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातील २-१ अशा विजयात एक गोल त्यांचा होता, हे खरेच आहे. पुढे ते भारताचे कर्णधारही झाले. पण तो बदल प्रशिक्षक रहीम यांनी ठरवून केलेला होता. मनाला वाटले म्हणून जागा सोडणे निराळे. मुंबईच्या राहुल भेकेने २०१९ च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) अंतिम सामन्यात ११७ व्या मिनिटाला हेडरने गोल करून बंगळुरूला जिंकून दिले, तोही कॉर्नरवर, म्हणजे स्टॉपरने वर जाणे ठरलेलेच असते अशा वेळी.

भेकेचे उदाहरण देण्यामागे दुसरेही कारण आहे. भारताच्या वरिष्ठ संघाकडून तो २०१९ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी प्रथम खेळला आणि २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबई सिटीने अंतिम सामन्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून आयएसएल चषक जिंकला. एकोणीस-विसाव्या वर्षी निवड चाचणीतून परत पाठवले म्हणून खचून जाण्याचे काहीच कारण नाही. बचावपटूला खेळ उशिरा कळतो; तो आघाडीपटूपेक्षा उशिरा पिकला, तरी बिघडत नाही.

वय लपवण्यात मात्र अजिबात पडू नका. जन्मदाखल्यावर दोन वर्षे कमी केलेली मुले कुमार गटात धिप्पाड दिसतात, केवळ ताकदीवर चेंडू काढतात, आणि वरिष्ठ गटात सगळेच धिप्पाड भेटले की त्यांच्याजवळ काहीही उरत नाही, कारण उभे कुठे राहायचे, हे शिकण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते. परदेशी क्लबची चाचणी मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यांनाही दारात उभे करू नका.

पोटापाण्याचे थोडक्यात सांगतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, परंतु पेठेतल्या चषकाचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात आणि ती क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावी लागतात. त्यामुळे ज्या वर्षी खेळलात, त्याच वर्षी मूळ प्रत ताब्यात घ्या आणि त्यावरील नावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळते का, ते तिथेच टेबलावर तपासून घ्या.