जलरंगात कोकणचा पाऊस रंगवताना या चुका टाळा

पावसाळी निसर्गचित्रांची वाट बहुतेक वेळा घाईने लागते. नवशिक्यांच्या कागदावर मी हे वर्षानुवर्षं बघतोय, आणि सुरुवातीला माझंही हेच व्हायचं.

जुलैमध्ये आंबोलीला एका टपरीच्या छपराखाली मांडीवर बोर्ड घेऊन बसलो होतो. आभाळाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, सुरेख बसला, लांबच्या डोंगराची निळसर कड धुक्यात विरत गेली. वीसेक मिनिटं थांबलो. कागदावरची चकाकी गेली तसा वाळला असं धरून खालच्या झाडीला हात घातला. ब्रशात पाणी जास्त होतं. ते वर चढलं आणि धुक्याच्या मधोमध फुलकोबीसारखा दातेरी डाग उमटला. मी तो टिश्यूने टिपला, मग घासला, आणि कागदाचे तंतूच उठले. अख्खी सकाळ वाया गेली.

पावसाळ्यात चकाकी गेली तरी कागद आतून ओलाच असतो. उन्हाळ्यात पुण्यात दहा मिनिटांत वाळणारा वॉश तिथे तासभरही घेतो. मी बोटांची मागची बाजू कागदाला लावून बघतो. गार लागला की थांबतो. म्हणूनच दोन बोर्ड नेतो, एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम. हेअर ड्रायर मला पटत नाही. पाणी साचलेलं असताना तो लावला की रंग ढकलला जातो आणि धुक्याची मऊ कड हातची जाते. डाग पडलाच तर लगेच हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, मग ओलसर ब्रशने त्याची कड हलकेच सोडवा.

दुसरा राग हिरव्याचा. ट्यूबमधला सॅप ग्रीन जसाच्या तसा, आणि सगळीकडे तोच! अहो, जरा बघा तरी. भाताचा तरवा पिवळट पोपटी असतो, आंबा काळपट, माडाच्या झावळीवर आभाळाचा निळा उजेड असतो. मी गॅम्बोज (पिवळा), अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांतूनच सगळे हिरवे काढतो. जांभ्या दगडाचा गडगाही (कुंपणाची भिंत) त्याच बर्न्ट सिएनात होतो, त्यामुळे चित्रातले रंग एकमेकांना धरून राहतात.

धुकं पांढऱ्या रंगाने काढू नका. कागदच कोरा राखा आणि डोंगराचा पायथा स्वच्छ पाण्याने विरवा.

काळा रंग पेटीत नकोच.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, सुती, चारी बाजूंनी टेप लावलेला. पातळ कागद फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो.

याच कागदाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. दमट हवेत उघडा राहिला की त्याचं साइझिंग, म्हणजे पाणी पटकन शोषू न देणारा लेप, बिघडतं. मग वॉश टिपकागदासारखा शोषला जातो, ठिपके उमटतात आणि लोक रंगांना दोष देतात. मी कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कपाटाच्या वरच्या खणात ठेवतो. पावसाळ्यात भिंतीला टेकवून तर कधीच नाही.